राहीअक्का आहेत का?

१

चौदा कार्डं होती आणि फ्रेमाही चौदाच होत्या. काष्टीच्या शाळेत पौषात डोळ्यांचं शिबिर झालं, मोतीबिंदू काढले गेले, आणि आता चैत्र संपता संपता त्या चौदा जणांचे चष्मे नगरला खाजाभाईंच्या दुकानात तयार होत होते. भिंगं बसवायचं काम सूर्यभानचं होतं.

एकाहत्तर सालच्या त्या आठवड्यात सूर्यभानचे पाय जमिनीला लागत नव्हते. आठ दिवसांवर लग्न आलं होतं. नागापूरहून सायकल मारत तो सकाळी दुकानात यायचा तो शीळ घालतच. मुलगी बघायला गेला तेव्हा ओसरीवर मान खाली घालून बसला होता. तिच्या बापाने आत हाक मारली, "बनू, पानी आन गं," आणि आतून उत्तर आलं, "आले की वं!" इतका ठणठणीत आवाज, की पाठोपाठ येणारं तोंड बघायच्या आधीच सूर्यभानने मनात हो म्हणून टाकलं होतं. तेव्हापासून दुकानातल्या पुठ्ठ्यांच्या मागे, कुणी बघत नसताना, तो बनू असं लिहायचा. एकदा इंग्रजीतही लिहून पाहिलं.

इंग्रजी हा त्याचा अभिमान होता. सातवीत शाळा सुटली, पण दोन वर्षांचं इंग्रजी पदरात होतं. खाजाभाईंना अक्षर कळायचं नाही, म्हणून शिबिराची कार्डं वाचायचं काम आपोआप त्याच्याकडे आलं. कार्डं शिबिराला आलेल्या कुणा गोऱ्या बाईने यंत्रावर टंकलेली होती.

"सूर्या, पुढचं नाव?"

सूर्यभान अडला. "मालन," तो म्हणाला. मग तीन बारकी अक्षरं होती. ए, के, ए. त्यापुढे राही. वय त्रेसष्ट. गाव काष्टी.

"ए-के-ए म्हणजे काय रे?"

सूर्यभानने अक्षरं जुळवून पाहिली. अ, क, अ. अका. आणि एकदम त्याचा चेहरा उजळला. "अक्का! खाजाभाई, अक्का राही! मालन आणि तिची थोरली बहीण. दोघींचं कार्ड एकच केलंय."

"मग क एकच कसा?"

"गोऱ्या बाईला दोन क कुठून जमणार?"

खाजाभाईंनी दाढी खाजवली. "वय पण एकच लिहिलंय म्हणतोस. नंबर पण एकच."

"बहिणी-बहिणींचा नंबर एकच असतो," सूर्यभान ठासून म्हणाला. इतकं ठासून तो कधीच काही बोलत नसे, म्हणून खाजाभाईंनी मान डोलावली. पुढे आणखी एक कार्ड तसंच निघालं, छबू आणि अक्का जना. दोन जादा माणसं झाली. त्यांना दोन फ्रेमा गेल्या आणि शेवटची दोन कार्डं चष्म्याविना राहिली. त्यातलं एक कुणा पुंजारामचं होतं, दुसरं आणखी एका म्हाताऱ्याचं.

"त्याला पुढच्या खेपेला," खाजाभाई म्हणाले. "जा, उद्या देऊन ये. नवरदेवाच्या हातून चष्मा मिळाला तर म्हाताऱ्यांना सगळं रंगीत दिसेल."

२

मालनबाईंचं घर गावाच्या कडेला होतं. पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. पुढची उजेडाची, मागची बिनखिडकीची, आणि मधल्या बुटक्या दाराला जुन्या लुगड्याचा पडदा. मुलगा श्रीरामपूरला साखर कारखान्यात होता. घरात म्हातारी एकटी, असं वाटेत लोकांनी सांगितलं होतं. पण लोक काय, अर्धवटच सांगतात, असं सूर्यभानला वाटलं.

त्याने मालनबाईंच्या कानांवर चष्म्याच्या काड्या अडकवल्या. म्हातारीने आधी स्वतःचे हात बघितले. उलटे केले, सुलटे केले. मग भिंत. मग दारातली कोंबडी.

"अगं बया," ती म्हणाली. "ही तांबडी हाय व्हय? मी समजत हुते काळी हाय."

सूर्यभानला इतका आनंद झाला की लाज बाजूला पडली. पिशवीतून दुसरा चष्मा काढून तो मागच्या खोलीकडे वळला आणि मोठ्याने हाक मारली.

"राहीअक्का आहेत का? ओ राहीअक्का!"

म्हातारीचे हात तसेच हवेत राहिले.

"कुनाला हाक मारलीस?"

"राहीअक्कांना. तुमची थोरली बहीण ना, आजी?"

जाड भिंगांमागे तिचे डोळे केवढे तरी मोठे दिसत होते. मग ती हळू म्हणाली, "थोरलीच की. माज्या आदीची."

आतून काकणं वाजली.

एकच खळकन आवाज. मग पडदा कडेने थोडा सरकला आणि एक हात बाहेर आला, तळवा वर करून. सूर्यभान पुढे झाला आणि त्या तळव्यावर त्याने चष्मा ठेवला. बोटं चटकन मिटली, पडदा पडला.

तो उंबऱ्यातच उभा राहिला. हात हळदीने माखलेला होता. मनगटापासून नखांपर्यंत, ओली, नुकतीच लावलेली हळद. तिचा वास त्याच्या नाकात राहिला होता. आणि हात लहान होता. थोरल्या बहिणीचा असूनही तो सुरकुतलेला नव्हता.

पण डोक्यात लग्नाशिवाय दुसरं होतंच काय! तो हसून म्हणाला, "घरात लग्न आहे का, आजी?"

"झालं की," मालनबाई म्हणाल्या. त्या पडद्याकडेच बघत होत्या. "कवाच झालं."

३

"दोन चाळिश्या?" छबूबाई इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारच्या बाया दारात आल्या. "एक पुढं लावू नि एक मागं लावू का रं? सुना मागं काय बोलत्यात ते दिसंल तरी!"

"दुसरा जनाअक्कांचा आहे," सूर्यभान म्हणाला. त्याचे कान तापले होते.

"आता ही जनाआक्का कोन काढलीस?"

"कार्डावर आहे."

"आरं येड्या, ती मीच की! म्हायेरची जना, सासरची छबू. त्या गोऱ्या बाईनं दोनदा नाव इचारलं. मला वाटलं, पयलं तिला पटलं न्हाई. मंग म्हायेरचं सांगितलं. ते बी लिव्हलं व्हय तिनं?" आणि शेजारणींकडे वळून, "बगा गं, चाळीस वरसांनी माजं म्हायेरचं नाव कागदावर आलं!"

सूर्यभानने दुसरा चष्मा पिशवीत टाकला आणि तडक शाळा गाठली. राधाकृष्ण गुरुजी व्हरांड्यात बसले होते. शिबिर त्यांच्याच शाळेत झालं होतं आणि चष्मे आले का हे विचारायला पुंजाराम नावाचा म्हातारा सकाळपासून त्यांच्यापाशी येऊन बसला होता. त्याच्या एका डोळ्यावर हिरवी चिंधी होती.

गुरुजींनी कार्ड डोळ्यांसमोर धरलं आणि त्यांची मान हलायला लागली.

"अका नव्हे रे. मधली टिंबं दिसली नाहीत का तुला? ए टिंब, के टिंब, ए टिंब. ऑल्सो नोन अॅज. म्हणजे ह्या नावानेही ओळखतात ते. आपण ऊर्फ म्हणतो ना, तेच."

"ऊर्फ," सूर्यभान म्हणाला.

"साहेब लोक फार वापरतात. कोर्टाच्या समन्सावर असतं. चोराची चार नावं असली तर प्रत्येक नावाआधी हेच. आपल्याकडे पैलवानाला असतं, बुवाला असतं, सातबाऱ्यावर असतं." गुरुजींना विषय सापडला होता. "आणि बायकांचं म्हणशील तर लग्न झालेल्या अर्ध्या बायका ऊर्फच. फक्त लिहीत कुणी नाही. माणूस एकच बरं का, नावं दोन. ह्या तीन अक्षरांनी दोन नावं एकाच माणसाला बांधून ठेवायची. ती सुटी वाचायची नसतात."

"ऑं?" पुंजाराम म्हणाला. "मंग माजी चाळिशी कुनाला दिली यानं?"

गुरुजी हसले. सूर्यभानलाही हसू आलं, आणि ते अर्ध्यावर थांबलं. मालन ऊर्फ राही. बाई एकच. एक चष्मा तिच्या कानावर त्याने स्वतः अडकवला होता.

नंबर जवळपास तोच निघाला, म्हणून जवळचा जादा चष्मा त्याने पुंजारामच्या हातात दिला. "दुसऱ्या आजोबांचा घेऊन येतो," तो म्हणाला आणि गुरुजींची सायकल मागून घेऊन उन्हातच निघाला. भीती होतीच, पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा ओढ जास्त होती. जत्रेत तंबूच्या फटीला डोळा लावताना असायची, तशीच.

४

दुपारचे तीन वाजले असतील. सगळं गाव सावलीत निपचित पडलं होतं. मालनबाई पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. चष्मा डोळ्यांवर होता.

"आजी, माझी चूक झाली," सूर्यभान दारातूनच म्हणाला. "एक चष्मा जास्त गेला. तो परत पाहिजे. एक म्हातारे थांबलेत हो त्याच्यासाठी."

"तिचा हाय त्यो. ती कशी दील?"

"पण राही म्हणजे तुम्हीच. गुरुजींनी सांगितलं. ते अक्का नव्हतं, ते ऊर्फ होतं."

"मीच हुते," मालनबाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. "ह्या दाराम्होरं उबी हुते. सासू म्हनली, मालन, आत ये. मालन आत आली. राही भाईरच ऱ्हायली." त्यांनी बोटाने उंबऱ्याकडे दाखवलं, जिथे सूर्यभान उभा होता तिथेच. "बावन्न वरसं झाली. तुज्या तोंडून पयल्यांदा तिला बोलावनं आलं."

सूर्यभानने पाय नकळत मागे घेतला.

तेवढ्यात मागच्या खोलीतून काकणं वाजली आणि पोरवयाचा, कोवळा, कुतूहलाने भरलेला आवाज आला.

"कोन हाय गं, मालन?"

आणि त्रेसष्ट वर्षांची म्हातारी, पदर सावरून, धाकट्या बहिणीने बोलावं तशी म्हणाली, "चष्मेवाला पोरगा हाय, आक्का."

पडदा हलला. पडद्याच्या आणि चौकटीच्या मधे अंधाराची बोटभर फट होती. तिच्यात काचा चमकल्या. काचांमागे दोन डोळे. ते केवढे मोठे दिसत होते! पण त्यात विशेष काय, सूर्यभानने स्वतःला बजावलं. भिंगं जाड आहेत, दुकानात रोज बघतोस. डोळे मोठेच दिसणार. फक्त ते त्याच्या कमरेच्या उंचीवर होते. एका काचेवरून मुंडावळीची लड खाली लोंबत होती, आणि ते डोळे त्याच्याकडे बघतच नव्हते. ते घर बघत होते. चूल, उतरंड, खुंटीवरचं लुगडं, पत्र्यातून येणारा उन्हाचा कवडसा. एकेक वस्तूवर थांबत, हरखून, पहिल्यांदाच घरात पाऊल टाकलेल्या माणसासारखे.

"जा आता, बाळा," मालनबाई म्हणाल्या. "तिला समदं बगू दे. लई दिस उन्हात हुती ती."

५

एसटीत बसल्यावर सूर्यभानने पाच कारणं जुळवली. नात असेल. शेजारची पोर असेल, खेळात नवरी झालेली. गावात दुसरीकडे हळद असेल आणि तिथून पोर पळून आली असेल. म्हातारीचं डोकं फिरलं असेल. आपलं फिरलं असेल, ऊन किती होतं! सहावं कारण त्याने नगर येईपर्यंत शोधलं आणि मग सोडून दिलं.

खाजाभाई काही रागावले नाहीत. "गेला तर गेला. त्या म्हाताऱ्याला माझ्याकडची जुनी फ्रेम देऊ. तू तोंड का असं केलंयस? नवरदेव ना तू?"

"खाजाभाई, जहिराभाभींचं नाव लग्नात बदललं होतं का हो?"

"आमच्यात नाही बदलत. जहिरा आली, जहिराच राहिली. आणि भांडते पण एकटीच, हे नशीब समज."

सूर्यभान हसला नाही. त्याला आठवलं होतं. आईने महिन्यापूर्वीच ठरवून टाकलं होतं, सुनेचं नाव भागू ठेवायचं. भागू आली की घरात भाग्य येतं. तेव्हा तो मान डोलावून मोकळा झाला होता.

घरी आई, लंकाबाई, लग्नाचं पीठ चाळत होती. तो चुलीपाशी बसला. दोनदा उठला, दोनदा बसला, आणि मग एका दमात म्हणाला, "आई, तिचं नाव बनूच राहू दे."

चाळण थांबली. "बाई बाई! अजून अक्षता पडल्या न्हाईत तर आत्तापासून बायकूच्या ताब्यात?"

"तसं नाही गं. मला ते नाव आवडतं."

"समद्यांचं बदलतं. माजं न्हाई का बदललं? काय झालं मला?"

"तुझं आधी काय होतं?"

लंकाबाईचे पिठाने पांढरे झालेले हात तसेच थांबले. तिने वर पाहिलं, सूर्यभानच्या मागे, उघड्या दाराकडे. ओठ हलायला लागले.

"नको, राहू दे," सूर्यभान ओरडलाच. "सांगू नको!"

"खुळाच हाय," आई म्हणाली आणि पुन्हा चाळू लागली. पण त्यानंतर बराच वेळ ती दाराकडे बघत होती, कुणी येणार असल्यासारखी.

६

लग्न झकास झालं. मांडवात ताटात तांदूळ पसरून आणले आणि नवऱ्याच्या हातात अंगठी दिली, त्यात नव्या नवरीचं नाव लिहायला. सगळ्या बाया वाकून बघत होत्या. जन्मात कधी चारचौघांत तोंड न उघडलेल्या सूर्यभानने अंगठी तांदळात टेकवली आणि ठळक लिहिलं: बनू.

"आरं, हे तर तिचं हायेच! नवीन काय लिव्हलंस?"

"इसरला गं बाई! चष्मे लाव म्हनावं!"

हशा उसळला. लंकाबाईने ताट हलवून तांदूळ पुन्हा सारखे केले. हिरव्या शालूतल्या नवरीने मान वर केली नाही, पण तिच्या खांद्यांवरून सूर्यभानला कळलं की ती हसतेय. आपण जिंकलो, असं त्याला वाटलं. परतीच्या वाटेवर बैलगाडीत तो तिच्या शेजारी बसला होता, आणि तिच्या हातांना येणारा हळदीचा वास त्याला आता घाबरवत नव्हता. उलट, कधी एकदा घर येतं असं झालं होतं.

घर आलं तेव्हा ऊन अजून ओसरलं नव्हतं. उंबऱ्यावर धान्याने भरलेलं माप ठेवलं होतं. दोघांच्या गाठी बांधलेल्या, तो उजवीकडे, ती डावीकडे. आतून आई आरतीचं ताट घेऊन आली. तिने भाकरतुकडा ओवाळून टाकला, दोघांच्या पायांवर पाणी घातलं. सूर्यभान काही बोलायच्या आत ती खणखणीत आवाजात म्हणाली, "ये गं, भागू. माप वलांड. आत ये."

पायाचा अंगठा मापाला लागला. धान्य सांडलं. नवरी आत आली.

गाठ ताणली गेली तसा सूर्यभानही मागोमाग आत आला. गल्लीतल्या शिंपीणकाकू काहीतरी चेष्टेचं बोलल्या, पोरं ओरडली. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. तो शेजारच्या शालूकडे बघत होता. तीच उंची होती. तेच हात. सगळं तेच होतं, मग खात्री का पटत नव्हती?

हाक मारून बघ, त्याने स्वतःला सांगितलं. एकदा हाक मार, ती वर बघेल, आणि झालं.

"बनू," तो म्हणाला. गलक्यात ते हरवलं. म्हणून पुन्हा, मोठ्याने, सगळ्यांसमोर: "बनू!"

शेजारची मान हलली नाही.

बाहेरून, अंगणातल्या उन्हातून, सांडलेल्या धान्याच्या पलीकडून, ठणठणीत उत्तर आलं.

"आले की वं!"

सूर्यभान वळू लागला, तेव्हा शालूतल्या बोटांनी त्याचं मनगट हलकेच धरलं. नवरीने तोंड वर केलं आणि लग्न लागल्यापासून पहिल्यांदाच ती त्याच्याशी बोलली. त्याने कधी न ऐकलेल्या, मऊ, धाकट्या बहिणीच्या आवाजात.

"दार लावू नगा हं," ती म्हणाली. "आक्का येतीय."